ब्रॉन्कोच्या मागच्या कमानी मोठ्या केल्या: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

गाडी १९७४ची फोर्ड ब्रॉन्को. पहिली पिढी, म्हणजे १९६६ ते १९७७ मधली चौकोनी बॉडी, ९२ इंची व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या थरांचे स्प्रिंग. अडीच इंच आधीच उचललेली आहे आणि आता ३३ बाय १०.५०चे टायर (उंची आणि रुंदी, इंचांत) बसवायचेत. पुढच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे पत्र्याचे गोलाकार काप, मुळातच ऐसपैस आहेत. अडचण मागची आहे. मागे बाहेरचा पत्रा इतका खाली उतरतो की गाडी नुसती उभी असतानाही टायरचा वरचा भाग झाकलेला असतो. चाक खड्ड्यातून वर आलं की टायर थेट त्या काठावर घासणार.

कापायचा निर्णय सोपा नव्हता. मागच्या कमानी शाबूत असलेल्या ब्रॉन्को आता थोड्याच उरल्यात आणि लोक त्या शोधत फिरतात. एकदा कापल्यावर ते रूप परत मिळत नाही, म्हणून दोन महिने हातच लावला नाही. गेल्या आठवड्यात चुंबक घेऊन कमानीच्या काठावरून फिरवलं. डाव्या बाजूला पुढच्या खालच्या कोपऱ्यात ते चिकटेचना. स्क्रूड्रायव्हरने हलकं टोचलं तर पुटीची ढलपी निघाली आणि मागे पत्राच नव्हता, गंजाची जाळी होती. उजवीकडे तर सबंध काठच कधीतरी कोणीतरी बदललेला दिसतो. म्हणजे शाबूत कमान माझ्याकडे नव्हतीच. मग मात्र ठरवलं, सडलेला काठ जाईल आणि त्या जागी नीट बंद केलेला नवा काठ येईल.

कमानी कापणं हे आजचं खूळ नाही. १९७१ ते १९७५ या काळात शर्यतीच्या गाड्या बांधणारे बिल स्ट्रोप यांच्या कारखान्यातून ज्या बाहा ब्रॉन्को (ब्रॉन्कोची शर्यतींच्या धर्तीवरची आवृत्ती) निघत, त्यांच्या मागच्या कमानी कापून फ्लेअर (कमानीवर बाहेर आलेली रुंद कड) लावलेलेच असत.

माझे मामा पत्राकामातले. हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत, पण नजर तीच आहे. ते रोज संध्याकाळी येऊन बसणार आहेत.

८ जानेवारी

आज एक ठिणगीही पाडली नाही. सगळा दिवस फक्त उतरवण्यात गेला.

मुख्य टाकी मागच्या एक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या) मागे आहे आणि पेट्रोल भरायचा पाइप डाव्या बाजूच्या पत्र्याच्या आतून जातो. म्हणजे जिथे ग्राइंडर चालणार त्याच्या शेजारीच. सुरुवातीला वाटलं होतं की टाकी रिकामी करून तोंडं बांधली की झालं. मामांनी हे ऐकूनच घेतलं नाही. "भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. आत वाफ असते. टाकी काढ, पाइप काढ, बाहेर नेऊन ठेव, मगच ग्राइंडर हातात घे." टाकी काढायला साडेतीन तास लागले, कारण पट्ट्यांचे दोन बोल्ट गंजून गोल झाले होते. लाइनची उघडी तोंडं रबरी बुचं घालून बंद केली.

बॅटरीच्या तारा सोडल्या, अल्टरनेटरची मुख्य वायर वेगळी केली. मागची सीट, आतली पॅनेलं, मागच्या दिव्याकडे जाणारा वायरचा जुडगा, सगळं बाहेर. काचांवर जुन्या गोधड्या टाकल्या. ग्राइंडरची ठिणगी काचेवर पडली तर तिथे बारीक लोखंडी कण वितळून चिकटतो आणि तो कधीच निघत नाही.

१० जानेवारी

मापाचा दिवस. या नोंदींतलं काहीच वाचायचं नसेल तरी हा भाग वाचा.

कमान किती कापायची हे उभ्या गाडीकडे बघून कळत नाही. चाक शेवटच्या टोकापर्यंत वर नेऊन बघावंच लागतं. पण पाट्यांवर जॅक लावला की एक्सल वर जायच्या आधी अख्खी गाडीच वर उचलली जाते. त्यामुळे हे केलं: चेसी मजबूत स्टँडवर ठेवली, शॉक अॅब्सॉर्बर काढले, पाट्यांचा जुडगा सोडून फक्त मुख्य पाटा ठेवला. मधला बोल्ट परत घातला म्हणजे एक्सल जागेवरून सरकत नाही, आणि कमी झालेल्या जाडीइतकी लोखंडी पट्टी घालून यू-बोल्ट आवळले. आता एक्सल साध्या जॅकने बंप स्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर जातो. एका बाजूला चाक पूर्ण वर आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण लोंबतं, अशीही स्थिती घेता येते.

दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, चाक वर जाताना सरळ वर जात नाही. पाट्याचा पुढचा डोळा (टोकाची कडी) पक्का, मागचा शॅकलवर, म्हणजे हलणाऱ्या दुव्यावर. पाटा दाबला गेला की तो सपाट होतो, म्हणजे लांब होतो आणि एक्सल मागे ढकलला जातो. माझ्या गाडीत उभ्या स्थितीपासून बंप स्टॉपपर्यंत चाक ९५ मिलीमीटर वर आणि १६ मिलीमीटर मागे गेलं. १६ मिलीमीटर ऐकायला काहीच नाही, पण कमानीच्या मागच्या बाजूला तेवढीच जागा कमी पडते.

दुसरी, एकच चाक वर गेलं की एक्सल तिरका होतो आणि वर गेलेल्या टायरचं डोकं आतल्या बाजूला कलतं. म्हणजे अशा वेळी टायर बाहेरच्या काठाला लागत नाही, आतल्या पत्र्याला लागतो. फक्त दोन्ही चाकं एकदम वर नेऊन बघितलं असतं तर हे कळलंच नसतं.

टायरच्या खांद्याला खडू घासून प्रत्येक स्थितीत चाक हाताने फिरवलं. जिथे पत्र्यावर पांढरा डाग उमटला तिथे मार्करने खूण केली.

११ जानेवारी

आज चूक केली आणि सुदैवाने कापायच्या आधी पकडली गेली.

काल एवढं सगळं मोजूनही रेषा आखताना सवयीने चाक खाली आणून, उभ्या स्थितीतल्या हबचा मध्य धरून सुतळीने गोल काढला. दिसायला अगदी छान होता. मामांनी विचारलं, "ही रेषा कुठल्या चाकाची? उभ्या की वर गेलेल्या?" परत चाक वर नेलं तेव्हा पुढे ४० मिलीमीटर मोकळे आणि मागे जेमतेम ११. टेप काढली, परत आखलं. आता मध्यबिंदू वर गेलेल्या चाकाचा धरला आणि चारी बाजूंना साधारण २८ मिलीमीटर मोकळीक ठेवली. २८ का? टायरवर चिखलाचा थर बसतो, रबर थोडं फुगतं आणि काठाला १२ मिलीमीटरची दुमड द्यायची आहे.

पूर्ण गोल ठेवला नाही. बॉडीवरच्या लांब रेषेच्या खाली कमान संपली पाहिजे, म्हणून माथा थोडा चपटा केला. कोपरे मात्र दिसायला नेटके वाटावेत म्हणून जरा घट्ट ठेवले. त्याचा त्रास पुढे झाला, तो १९ तारखेला लिहिला आहे.

डाव्या बाजूचा पुठ्ठ्याचा साचा केला.

१२ जानेवारी

साचा उलटा करून उजवीकडे लावला. दरवाजाच्या फटीपासूनचं अंतर डावीकडे होतं तेवढंच धरलं. मग शंका आली म्हणून एक्सलच्या मध्यापासून मोजलं, तर ७ मिलीमीटरचा फरक. दरवाजाची फट, बॉडीची रेषा, चेसीवरचे बॉडी माउंट, सगळं मोजत बसलो. उजवा पत्रा बदलताना ज्याने जोडला त्याने तो ७ मिलीमीटर पुढे बसवलाय आणि फट पुटीने सारखी केली आहे. डोळ्याला काही दिसत नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंचा साचा एकच, पण जागा प्रत्येक बाजूच्या एक्सलवरून ठरवायची. दरवाजाच्या फटीवरून ठरवली असती तर उजवं चाक कमानीत पुढे-मागे कललेलं दिसलं असतं आणि मागे घासलंही असतं.

आजचा हिशोब: अडीच तास, आणि एकही काम पुढे सरकलं नाही. तरी हे अडीच तास वाया गेले असं मला वाटत नाही.

१३ जानेवारी

कापलं.

अंतिम रेषेच्या आत १८ मिलीमीटरवर दुसरी रेषा आखली आणि पहिला काप तिथे घेतला. दुमडीसाठी लागणारा पत्रा याच १८ मधून मिळतो, आणि चुकायला थोडी जागा राहते. १२५ मिलीमीटरचा ग्राइंडर, १ मिलीमीटर जाडीची कटिंग डिस्क. वळणावर डिस्क वळवायचा प्रयत्न केला की ती अडकते आणि फुटते, म्हणून दीड-दोन इंचाचे सरळ छोटे काप घेत गेलो. उरलेले दाते नंतर कानशीने आणि फ्लॅप डिस्कने काढले. फक्त बाहेरचा पत्रा कापायचा होता. आतल्या पत्र्याला हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं.

डाव्या कमानीचा बाहेरचा पत्रा सुटायला २५ मिनिटं लागली. इतक्या दिवसांच्या तयारीनंतर २५ मिनिटं! तुकडा हातात आला तेव्हा पोटात थोडं कालवलं. पण उलटा करून बघितला तर आतल्या बाजूने काठाला गंजाचे पापुद्रे सुटलेले, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात सुकलेला चिखल विटेसारखा घट्ट बसलेला. पन्नास वर्षांचा चिखल असेल. नखाने टोकरला तर थरावर थर दिसत होते, एक तांबडा, एक करडा, परत तांबडा. हा चिखल ओल धरून ठेवतो, आणि गाड्या इथूनच सडतात. तो तुकडा टाकून दिलेला नाही, भिंतीला टेकवून ठेवलाय. पुढे पोकळी बंद करताना तो समोर असलेला बरा.

१४ जानेवारी

आता खरं काम समोर आलं.

कमानीला दोन पत्रे असतात. बाहेरचा, जो आपल्याला दिसतो, आणि आतला, जो चाकाच्या वर घुमटासारखा असतो. मूळ काठावर हे दोघे एकत्र येतात आणि तिथे त्यांना स्पॉट वेल्ड असतात. काठापासून वर जाल तसे ते एकमेकांपासून दूर जातात. त्यामुळे नव्या रेषेवर कापलं की त्यांच्यामध्ये मोठी फट उघडी पडते. माझ्याकडे माथ्यावर ही फट ४४ मिलीमीटर होती आणि पुढच्या-मागच्या बाजूला १५ ते २०.

बरेच जण इथेच थांबतात. वरून फ्लेअर लावला की फट दिसत नाही. पण चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी सरळ त्या पोकळीत जातं, आणि दोन-चार पावसाळ्यांत बाहेरचा पत्रा आतून फुगायला लागतो. शिवाय मूळ काठ हा त्या सबंध पॅनेलचा कणा असतो. तो काढल्यावर पत्रा हाताने दाबला तरी डबडब हलत होता. हे बंद केल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हे मी पहिल्या दिवसापासून धरून बसलोय.

फट कमी आहे तिथे आतलाच पत्रा ४० मिलीमीटरच्या अंतराने उभा चिरून, पाकळ्या करून बाहेर वळवायचा आणि बाहेरच्या पत्र्याला भिडवायचा. माथ्यावर पाकळ्या पुरत नाहीत, तिथे नवी पट्टी कापून घालायची. मधल्या चिरा नंतर वेल्डने भरायच्या.

डावीकडच्या पुढच्या पाकळ्या आज वळवल्या. जुना पत्रा एकदाच वळतो. दोनदा मागे-पुढे केला की मोडतो. तीन पाकळ्या तशाच गेल्या.

१६ जानेवारी

नव्या पट्टीसाठी जो पत्रा आणला तो गॅल्व्हनाइज्ड होता. गंजणार नाही म्हणून मुद्दाम तो घेतला. वेल्ड करायला गेलो तर पांढरा धूर, सगळीकडे तडतड उडणारे थेंब आणि वेल्डच्या टाक्यांमध्ये भोकं. जस्ताचा तो धूर छातीला घातक असतो, तेव्हा लगेच थांबलो, दारं उघडली आणि बाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी ०.९ मिलीमीटरचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेला) पत्रा आणला. गंजाची काळजी वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येतो असा प्रायमर), सीलर आणि मेण घेतील. गॅल्व्हनाइज्ड पत्रा तसाच पडून आहे.

१७ जानेवारी

आजची नोंद लांब आहे, कारण नुकसान सगळ्यात जास्त आज झालं.

मिग वेल्डिंग मशिनमध्ये ०.६ मिलीमीटरची तार, आर्गॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्रणाचा गॅस. सकाळी सुरुवात चांगली झाली. पट्टी क्लॅम्पने धरायची, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग दोन्हींच्या मधे. दर वेळी हात लावून बघायचं, पत्रा हाताला सोसण्याइतका थंड झाला की पुढचा. असं माथ्याच्या अर्ध्यापर्यंत झालं. दुपारी दोननंतर मी घाई केली. टाके छान पडत होते, हात बसला होता, तेव्हा एका जागी सलग दोन-अडीच इंच वेल्ड ओढला.

थंड होताना टण्ण असा आवाज आला. वर बघितलं तर बॉडीच्या रेषेच्या खाली, कमानीच्या माथ्यावर, तळहाताएवढा पत्रा आत गेला होता. अंगठ्याने दाबला की टक् करून बाहेर येतो, सोडला की परत आत. तेलाच्या डब्याचं बूड जसं वाजतं तसं.

मी आधी हातोडीने त्या खड्ड्यालाच ठोकायला निघालो. मामांनी हात धरला. "अरे, तिथे काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते वेल्डमध्ये. थंड होताना वेल्ड आकसला, त्याने पत्रा ओढून घेतला. ताण आहे तिथे ठोक." त्यांनी सांगितलं तसं केलं: वेल्डचा उंचवटा फ्लॅप डिस्कने जवळजवळ पत्र्याच्या पातळीला आणला, मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) घट्ट लावली आणि वेल्डवरच, अगदी वेल्डच्या रेघेवर, हलके जवळजवळ ठोके दिले. डॉली आणि हातोडी यांच्यामध्ये धातू दाबला जाऊन थोडा पसरतो. ठोक्याचा आवाज पहिल्यांदा बद्द येत होता, डॉली नीट मागे आल्यावर खणखणीत यायला लागला. वीस-पंचवीस ठोके झाले की तळहात फिरवून बघायचं. ओल्या कापडाची एकच घडी हाताखाली ठेवली तर उंचसखल जास्त कळतं, ही मामांची शिकवण.

दोन संध्याकाळी गेल्या. टक् टक् थांबलं. खड्डा मात्र पूर्ण गेला नाही, सुमारे १ मिलीमीटर राहिला. तेवढा पुटीने भरता येईल.

त्या अडीच इंचांनी माझे सहा तास खाल्ले. नंतर सबंध कामात एकाही ठिकाणी सलग वेल्ड ओढला नाही.

१९ जानेवारी

काठाची दुमड. १२ मिलीमीटर पत्रा आत ९० अंशात वळवायचा. गोल भागावर काहीच त्रास झाला नाही. पण त्या घट्ट ठेवलेल्या कोपऱ्यांत दुमड फाटली. कारण साधं आहे: भोकाचा काठ आत वळवताना आतल्या कडेला ताणून मोठं व्हावं लागतं. मोठ्या गोलाईवर तो ताण दोन-तीन टक्के असतो, पत्रा सहज सोसतो. माझ्या कोपऱ्याची त्रिज्या ७० मिलीमीटरच्या आसपास होती. तिथे तोच ताण १५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि कडेला चीर पडते.

फाटलेली चीर वेल्डने भरून बघितली, ती शेजारी परत फाटली. शेवटी कोपरे सैल केले, त्रिज्या दुपटीहून थोडी जास्त केली. आता कोपरा तेवढा टोकदार दिसत नाही, पण सगळी कमान एका दमात वळल्यासारखी दिसते. खरं सांगायचं तर दिसायलाही हीच बरी आहे. उजवीकडे सुरुवातीपासूनच मोठी गोलाई आखली.

दुमड वळवायचा क्रम: पूर्ण लांबीवर आधी ३० अंश, मग ६०, मग ९०. एका जागी पूर्ण वळवून पुढे सरकलं तर लाटा येतात.

२१ जानेवारी

धुराचा वास. वेल्डिंग थांबवून दहा मिनिटं झाली होती आणि मी चहा घ्यायला निघालो होतो. आतल्या पत्र्याच्या मागे जुनं डांबरी कोटिंग होतं, ते मी फक्त दिसत होतं तेवढंच खरवडलं होतं. वर हात न पोचणाऱ्या जागी ते धुमसत होतं. पाण्याची फवारणीची बाटली जवळ होती म्हणून निभावलं. अग्निशामक नळकांडं दाराशी होतं, ते आता गाडीच्या शेजारी ठेवलंय. वेल्डिंग संपल्यावर किमान अर्धा तास कुठेही जायचं नाही, असं ठरवलं आणि तसंच वागतोय.

उजवी बाजू सुरू केली. डाव्या बाजूला बाहेरचा पत्रा कापण्यापासून दुमडीपर्यंत २६ तास लागले होते.

२३ जानेवारी

उजव्या बाजूच्या टाक्यांमध्ये अचानक बारीक भोकं यायला लागली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. तार बदलली, नोझल साफ केलं, अर्थिंगचा क्लॅम्प हलवला, पत्रा परत घासला. एक तास गेला. धूर बाहेर जावा म्हणून मी सकाळी पंखा लावला होता आणि त्याचा झोत थेट टॉर्चवर येत होता. गॅसचं आवरणच उडून जात होतं. पंखा उलटा करून दारात ठेवला, हवा बाहेर खेचायला लावला, आणि पहिलाच टाका स्वच्छ पडला.

पातळ झालेल्या जुन्या पत्र्यावर भोक पडतं तिथे मागून तांब्याची सपाट पट्टी दाबून धरायची. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि उष्णता ओढून घेतली जाते. जुना पाइप ठोकून सपाट केला तरी चालतो.

उजवी बाजू १५ तासांत झाली.

२५ जानेवारी

सगळे वेल्ड घासून झाल्यावर अंधार केला आणि आतून बॅटरीचा उजेड पाडला. बाहेरून ११ ठिकाणी टाचणीएवढा प्रकाश दिसला. प्रत्येक ठिकाणी खूण, परत टाका, परत घासणं.

मग एपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर सर्व सांध्यांवर सीम सीलर (सांधे बंद करणारा लेप). सीलर ब्रशने पसरवला, बोटाने चेपला. उघड्या पत्र्यावर थेट सीलर लावू नका, खाली प्रायमर हवाच.

२६ जानेवारी

पाण्याच्या नळीने खालून जोरात पाणी मारलं. आत काही आलं नाही, आनंद झाला. पण नंतर बाहेरच्या पत्र्यावर ठोकून बघितलं तर डावीकडे पुढच्या खालच्या कोपऱ्यातून भरल्या भांड्यासारखा आवाज. वरून, खिडकीच्या पट्टीकडून, पाणी पोकळीत उतरलं होतं आणि तिथे साठलं होतं. पूर्वी ते सडलेल्या भोकातून निघून जात होतं, आता मी ते भोक बंद केलं. ज्या कोपऱ्यात गाडी सडली होती तोच कोपरा मी नव्याने पाणी धरायला तयार केला होता.

प्रत्येक बाजूला सगळ्यात खालच्या जागी ८ मिलीमीटरची दोन भोकं पाडली. चाकाचा मारा बसणार नाही अशा तोंडाने, म्हणजे थोडी मागच्या बाजूला. कडांना प्रायमर लावला. परत पाणी सोडलं, अर्ध्या मिनिटात निथळलं. दोन दिवस वाळू देऊन लांब नळीच्या स्प्रेने पोकळीत मेण मारलं, ते भोकांतून ठिबकेपर्यंत.

३० जानेवारी

पुटी, घासणं, प्रायमर, रंग. यावर लिहिण्यासारखं काही नाही. दमट हवेमुळे एक दिवस थांबावं लागलं. कमानीच्या आत जाड चिपगार्ड (उडणाऱ्या खड्यांपासून वाचवणारा लेप) मारला.

पुढच्या कमानींना फक्त मागच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटं पत्रा काढावा लागला. पूर्ण वळवल्यावर टायर पत्र्याआधी रेडियस आर्मला (पुढचा एक्सल चेसीला धरणाऱ्या दांड्याला) लागत होता, म्हणून स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट थोडे बाहेर काढले.

२ फेब्रुवारी

पाट्यांचा पूर्ण जुडगा परत, शॉक परत. यू-बोल्ट नवे घातले. एकदा ताणून आवळलेले जुने परत वापरायचे नसतात, आणि हा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. टाकी आणि पाइप बसवले, पाइपाचं जुनं रबर चिरलेलं होतं तेही बदललं.

५ फेब्रुवारी

खरी परीक्षा. टायरना परत खडू लावला आणि एक मागचं चाक उतारावर चढवत नेलं, दुसरं हवेत लोंबेपर्यंत. बाहेरच्या काठाला दोन्हीकडे एकही डाग नाही. डावीकडे सगळं स्वच्छ.

उजवीकडे आतल्या पत्र्यावर, मागच्या बाजूला, बोटभर पांढरा पट्टा. तिथे जुना सांधा फुगलेला आहे आणि टायरचं आत कललेलं डोकं बरोबर त्यालाच लागतं. १० तारखेच्या मोजणीत ही जागा सुटली, कारण तेव्हा फक्त मुख्य पाटा होता आणि एक्सल थोडा वेगळा बसत होता. सांधा हातोडीने चेपला, सीलर परत लावला. तरीही जेमतेम ६ मिलीमीटर जागा मिळाली, म्हणून दोन्ही बाजूंच्या बंप स्टॉपखाली २५ मिलीमीटरचा ठोकळा घातला. चाकाचा वर जायचा प्रवास तेवढा कमी झाला. मला तो द्यायचा नव्हता, पण टायर फाटण्यापेक्षा हे परवडलं.

दुसऱ्यांदा चढवली. डाग नाही.

एकूण लागलेलं सामान: कटिंग डिस्क १४ (त्यातल्या ५ वळणावर फुटल्या), फ्लॅप डिस्क ७, तारेचं एक रीळ जवळजवळ सगळं, गॅसचं एक नळकांडं पूर्ण आणि दुसरं अर्ध्याहून जास्त, सीम सीलरच्या ३ नळ्या, वाया गेलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा. वेळ ९४ तास. त्यातले निदान २० तास चुका निस्तरण्यात गेले.

१२ फेब्रुवारी

आठवडाभर चिखलातून चालवली. आज नळीने धुतली आणि पाणी निथळायची चारही भोकं तारेने तपासली. डावीकडचं पुढचं चिखलाने बुजलं होतं. तार घातली, तांबडं पाणी निघालं, मग स्वच्छ. ते भोक १० मिलीमीटरचं करायला पुढच्या रविवारी गाडी परत जॅकवर घेणार आहे. मामा म्हणाले, "डॉलीही आणतो, तो १ मिलीमीटरचा खड्डा अजून बघवत नाही मला."